बिनमथळ्याचा रकाना

१

हेरंब ठोसरबद्दल माझं मत शाळेपासून एकच होतं. माणूस चांगला, आणि चांगल्या माणसांचा मला फार लवकर कंटाळा येतो. तरी आमची मैत्री बावीस वर्षं टिकली, कारण ती टिकवायचे सगळे कष्ट तोच घ्यायचा. फोर्टात एका विलायती कंपनीत आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर बसायचो. मी त्याच्या डब्यातलं, त्याची बायको कालिंदी हिच्या हातचं थालीपीठ खायचो आणि ते किती वातड झालंय हे त्यालाच सांगायचो. तो हसायचा.

माझा रविवार ठरलेला असे. सकाळी स्वतः जाऊन कोलंबी आणायची, मग वर्तमानपत्र, त्यातल्या यच्चयावत पुढाऱ्यांची मनातल्या मनात हजामत, जेवण, झोप. फणसवाडीतली दोन खोल्यांची जागा. एके काळी ती अख्खी इमारत आमच्या आजोबांची होती. आता खाली छत्र्या दुरुस्त करणारा बसत होता आणि वर मी एकटा. दाखवलेल्या मुलींपैकी मला एकही पसंत पडली नाही, असं मी सांगत असे. उलट बाजूने काय घडलं ते कुणी विचारत नसे.

अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत एका शुक्रवारी हेरंब टेबलावरून वाकून म्हणाला, "मन्या, परवा शिवडीला चल. रोहित आलेत."

"कोण रोहित?"

"पक्षी रे. फ्लेमिंगो. इथे सहसा दिसत नाहीत. सहाच आहेत. गुलाबी."

"गुलाबी काही बघायचं तर मी लग्नाच्या मांडवात जाईन. तिथे जेवण तरी मिळतं."

"चल ना. एकदाच. माझं कामही आहे तुझ्याकडे."

पक्ष्यांचा हा नाद त्याला बंडूमुळे लागला. बंडू त्याचा धाकटा भाऊ, बावीस वर्षांचा. छप्पन्नच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून शहर पेटलं होतं, तेव्हा एका दुपारी "आलोच" म्हणून दादरच्या घरातून बाहेर पडला, तो आला नाही. इस्पितळं झाली, पोलीसचौक्या झाल्या, शवागाराच्या याद्या दोनदा वाचून झाल्या. नाव कुठेच नव्हतं. शेजारीपाजारी त्याला हुतात्मा म्हणायला तयार होते. माझं मत वेगळं होतं आणि ते मी लपवलं नाही. मॅट्रिकला तीनदा बसलेला मुलगा महाराष्ट्रासाठी मरेल यावर माझा विश्वास नव्हता. कुणा पोरीला घेऊन इंदूरबिंदूरला पळाला असेल आणि आता तोंड दाखवायची लाज वाटत असेल. हे मी त्यांच्या आईसमोर, यशोदाकाकूंसमोरही बोललो होतो. काकूंना मोतीबिंदूने दिसत नसे. त्यांनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं आणि म्हणाल्या, "तसं असलं तर फार बरं होईल रे."

त्यानंतर हेरंबने चोरबाजारातून एक जुनी दुर्बीण आणली आणि दर रविवारी शिवडीच्या खाडीवर जाऊ लागला. दुःखाला लोक काय काय धंदे लावतात!

मी जायला तयार झालो त्याचं कारण हेरंब नव्हे. त्या रविवारी वाडीत समितीची सभा होती आणि कर्णा नेमका माझ्या खिडकीखाली बांधला होता.

२

साडेआठला लालबागच्या नाक्यावर भेटलो. हेरंबने कॅनव्हासचे बूट, खाकी विजार आणि डोक्यावर एक टोपी असा वेष केला होता. दुर्बीण गळ्यात.

"शिकारीला निघालास की बँडमध्ये?" मी विचारलं.

"ऊन लागतं रे तिथे."

काळाचौकीकडून चालत निघालो. सुट्टीचा दिवस, गिरण्या बंद. भिंतीभिंतीवर चुन्याने 'झालाच पाहिजे' लिहिलेलं. एका ठिकाणी जागा संपल्यामुळे 'जे' खालच्या ओळीत उतरला होता. "राज्य मागतायत आणि भिंतीचं माप घेता येत नाही," मी म्हटलं. हेरंब हसला नाही. एरवी हसला असता.

वाटेत चहा घेतला. तो बिस्किटं आणायला उठला तेव्हा त्याची वही मी उघडली. माझी अपेक्षा होती तितकी ती हास्यास्पद होती. तारीख, ओहोटीची वेळ, मग आखलेले रकाने: बगळे, शेकाटे, तुतवार. आकडे व्यवस्थित, कारकुनी अक्षरात. कधी चारशे, कधी बाराशे. शेवटच्या रकान्याला मात्र मथळा नव्हता. तिथे प्रत्येक रविवारी एकच आकडा होता. एक. आणि त्यापुढे पावलांत अंतर. पहिल्या पानावर एक, नऊशे पावलं. मग एक, आठशे सत्तर. एक, आठशे दहा. मी पानं उलटत गेलो. बगळे कमीजास्त होत होते, शेकाटे येत-जात होते, हा एक मात्र दर आठवड्याला थोडा थोडा जवळ येत होता. गेल्या रविवारी एक, दोनशे.

"हा शेवटचा कोणता पक्षी?" तो बिस्किटं घेऊन आल्यावर मी विचारलं.

त्याने वही माझ्या हातातून घेतली, ओढून नव्हे, अगदी सावकाश. "तिथे गेल्यावर सांगतो."

"नाव तरी लिहायचं. की लाजतो?"

"मन्या, चहा पी."

३

रूळ ओलांडून, कापसाच्या गोदामांच्या पाठीमागून, आम्ही बांधावर आलो. समोर भरतीची रेघ मागे सरत गेलेली आणि पुढे मैलभर काळा, ओला, चकाकणारा गाळ. पलीकडे तुर्भ्याच्या टेकड्या आणि तेलाच्या कारखान्यांची नवी धुराडी. किनाऱ्याला तिवरं. गाळात इथेतिथे होड्या बांधायचे जुने खुंट उभे होते, वाकडेतिकडे, शेवाळलेले.

आणि पक्षी. ते खरोखर पुष्कळ होते, एवढं कबूल करतो. दूर, पाण्याच्या काठाला, सहा गुलाबी ठिपकेही होते. हेरंबने ते मला दाखवले. एका पायावर उभे राहून चोची चिखलात खुपसणारे उंच, बावळट पक्षी. "आपले मोठे साहेब फायली बघतात तसे बघतायत," मी म्हटलं.

बांधावर एक जुनी दगडी चौकी होती. कधी काळी कुणी पहारेकरी तिथे बसत असेल. आता चौकटीला दार उरलं नव्हतं. आत एकच खोली, फरशीवर वाळलेला चिखल, कोपऱ्यात फुटका माठ, आणि खाडीकडच्या भिंतीत आडवी, हातभर लांबीची फट. हेरंब दर रविवारी तिथे बसून त्या फटीतून बघायचा. बसायला एक खोकंही आणून ठेवलं होतं त्याने.

आत पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळायला मिनिटभर गेलं. बाहेर गाळ सारखा वाजत होता. ओहोटीचा चिखल वाजतोच, बुडबुडे फुटतात, निवट्या मासे उड्या मारतात, टिचटिच चालू असते. आत ते काही ऐकू येत नव्हतं. चौकट सताड उघडी, समोर फट, आणि कान बोळे घातल्यासारखे. फटीतून बघितलं तर हजारभर पक्षी चोची उघडत होते, मिटत होते. आवाज शून्य.

भिंती जाड आहेत, मी स्वतःला सांगितलं. वारा उलटा आहे. वारा मुळी नव्हताच, हे लक्षात आलं तेव्हा मी सिगारेट पेटवली.

"थंड आहे ना इथे?" हेरंब म्हणाला.

मी उत्तर देणार तेवढ्यात बाहेरून, खाडीकडून, हलकेच ऐकू आलं, "थंड आहे ना इथे."

"प्रतिध्वनी," मी म्हटलं. "गोदामांच्या भिंतीवरून."

"गोदामं मागे आहेत, मन्या."

मी फटीतून पाहिलं. पुढे भिंत नव्हती. घारापुरीपर्यंत आवाज अडवायला काहीही नव्हतं.

४

मग त्याने सांगितलं. खोक्यावर बसून, दुर्बीण मांडीवर घेऊन, ऑफिसात एखादी चूक कबूल करावी तशा आवाजात.

बंडू गेल्यावर चार महिन्यांनी तो असाच भटकत इथे आला होता. बांधावर कुणी नव्हतं. घरात रडता येत नाही, आई ऐकते. म्हणून तो इथे रडला. आणि रडताना मोठ्याने हाक मारली, "बंडू."

"आणि तिकडून कुणीतरी 'बंडू' म्हणालं. स्पष्ट. मग मला कुणीतरी उभं दिसलं. फार लांब. पक्ष्यांमध्ये. मन्या, माणूस तिथे जाऊ शकत नाही, कंबरेपर्यंत रुतेल. आणि पक्षी उडाले नाहीत."

"मग तो बंडू नव्हे, माकडा. बंडू असता तर 'दादा' म्हणाला असता."

दुर्बिणीचा पट्टा बोटाला गुंडाळत तो म्हणाला, "तेच मी दोन वर्षं स्वतःला सांगतोय."

"मग?"

"मग काय? दर रविवारी थोडा जवळ येतो. पण नीट बघायला गेलं की दिसत नाही. आहे असं वाटतं आणि नसतो. मला वेड लागलंय का ते तरी कळू दे. कालिंदीला आणलं असतं तर माझ्या समाधानासाठी हो म्हणाली असती. डॉक्टर माझ्या भल्यासाठी नाही म्हणतील. तू कुणाच्या मनाची पर्वा करत नाहीस. तुला दिसलं तरच तू दिसलं म्हणशील." त्याने दुर्बीण माझ्यापुढे धरली. "एवढंच काम होतं."

हे त्याने स्तुती म्हणून सांगितलं की निंदा म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी दुर्बीण घेतली. तिच्या एका काचेला चीर गेलेली होती. पाहिलं. बगळे, खुंट, गाळ, खुंट, शेकाटे. दुसरं काही नाही. साडेदहा वाजून गेले होते, पोटात दोन बिस्किटांपलीकडे काही नव्हतं, आणि एक चाळिशीला आलेला गृहस्थ परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसा माझ्याकडे बघत होता. मला त्याची अशी चीड आली! भाऊ गेला, दोन वर्षं झाली. लोकांचे आईबाप जातात, मुलं जातात. हा इथे चिखलाशी बोलतो आणि माझा रविवार खातो.

"दिसतोय की," मी म्हटलं. "हात करतोय. म्हणतोय, दादा, येताना डबा घेऊन ये."

मला वाटलं होतं तो चिडेल. निदान हसेल.

"नक्की?" त्याने विचारलं.

आता इथे थांबता आलं असतं.

"नक्की," मी म्हटलं.

हेरंबने वही मिटून खोक्यावर ठेवली. बूट काढले, मोजे त्यांत खोचले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. घाई नव्हती. चौकीतून बाहेर पडला आणि बांधावरून खाली उतरू लागला.

५

मी हाक मारली नाही. तिसऱ्या पावलाला गुडघाभर रुतेल, मग परत येईल, आणि ही गोष्ट ऑफिसात वर्षभर सांगता येईल, असा माझा हिशोब होता.

तो रुतला नाही. शाळेच्या मैदानावरून चालावं तसा चालत गेला. पाऊल उचललं की मागे ठसाही उरत नव्हता. पंचवीस पावलं. पन्नास. पक्षी उडाले नाहीत. बाजूला सरले, आणि तो पुढे गेला की पुन्हा त्याच्यामागे मिटले.

"हेरंब!" मी फटीतून ओरडलो. "अरे थट्टा केली! परत ये!"

माझा आवाज त्या खोलीतून बाहेर गेलाच नाही. मला तो माझ्याच तोंडाशी विरताना जाणवला. मी दाराकडे धावलो नाही. धावायला हवं होतं. मी दुर्बीण डोळ्यांना लावली.

हेरंब एका खुंटाकडे चालला होता. तो खुंट मी सकाळपासून तीन-चारदा पाहिला होता. दुर्बिणीतून पाहिला तेव्हाही तो तिथे होता, शेवाळलेला, इतरांपेक्षा थोडा उंच, थोडा कललेला, आणि मी त्यावरून नजर पुढे नेली होती. आता हेरंब त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

खुंटाला मान होती. ती वळली.

त्याच क्षणी सगळे पक्षी उडाले. हजारांनी. पांढऱ्या-काळ्या पंखांचा पडदा माझ्या आणि त्यांच्या मधे उभा राहिला आणि अजूनही, हे मी शपथेवर सांगेन, पंखांचा फडफडाट नव्हता की किंकाळी नव्हती. मग ते खाली बसले. गाळावर एकच माणूस होता. खाकी विजार, टोपी. तो माझ्याकडे चालत येत होता. त्याच्यामागे, जिथे खुंट होता, तिथे काही नव्हतं.

मी बांधावर जाऊन उभा राहिलो. बाहेर चिखलाची टिचटिच चालू होती. हेरंब वर चढून आला. पावलं कोरडी होती.

मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला शिवी दिली. "भेटला का तुझा बंडू?"

"भेटला."

"बंडूच होता?"

"बंडूच होता."

"बरं. आता घरी जायचं?"

"घरी जायचं."

आवाज हेरंबचा, चेहरा हेरंबचा. बूट घालायचं मात्र त्याने नाव काढलं नाही. शेवटी ते मीच उचलले.

६

काळाचौकीपर्यंत तो माझ्या बरोबरीने चालला. मी थांबलो की थांबत होता. मी खोकलो. तो खोकला.

ऊन लागलंय, मी स्वतःला बजावलं. मनावर परिणाम झालाय. तरी लालबागच्या नाक्यावर मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "हेरंब, तू गाढव आहेस."

तो माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "हेरंब, तू गाढव आहेस."

आवाज त्याचा होता. तुच्छता माझी होती. शब्दाच्या शेवटी नाकपुडी किंचित वर जाते ती माझी लकबसुद्धा. बावीस वर्षं हेरंब हे ऐकत आला होता. ऐकायला कसं लागतं ते मला पहिल्यांदा कळलं.

दादरला दुसऱ्या मजल्यावर त्याची जागा. दार कालिंदीवहिनींनी उघडलं. हाताला पीठ. त्यांनी आधी त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बुटांकडे, मग त्याच्या तोंडाकडे. आणि तिथेच बघत राहिल्या.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या. "पान वाढू?"

"पान वाढू," तो म्हणाला.

त्यांचा हात कडीवर होता. तो तिथेच घट्ट झाला.

आतून काकूंचा आवाज आला. काकू रोज दुपारी आतल्या खोलीत पडून असत आणि जिन्यावर पाऊल वाजलं की विचारत. ते सगळ्या घराच्या अंगवळणी पडलं होतं.

"कोण आलं गं? बंडू आला का?"

"बंडू आला," तो म्हणाला.

मग आत बांगडी वाजली, खाट करकरली, आणि काकू भिंतीला हात लावत बाहेर आल्या. दोन्ही डोळ्यांवर पांढरे पडदे. त्यांनी चाचपडत त्याचा चेहरा धरला, कपाळ, नाक, हनुवटी. दोन भावांचा तोंडवळा एकच होता. "वाळलास रे," त्या म्हणाल्या. "कुठे होतास बाळा?"

"कुठे होतास बाळा," तो म्हणाला, तितक्याच मायेने.

काकू रडत हसू लागल्या. त्यांना शब्द ऐकू येत नव्हते, फक्त आवाज ऐकू येत होता.

वहिनी माझ्या अगदी जवळ आल्या आणि कुजबुजल्या, "भावजी, हे कुठून आणलंत?"

हे कोण, असं त्यांनी विचारलं नाही.

"ऊन लागलंय त्याला," मी म्हटलं. "कोकमाचं सरबत द्या." बूट दाराशी ठेवले आणि जिना उतरलो.

७

ऑफिसात कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. साहेब "हे आजच्या आज टाइप झालं पाहिजे" म्हणाले की तो "आजच्या आज टाइप झालं पाहिजे" म्हणायचा आणि टाइप करायचा. महिन्याभरात साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ठोसर सुधारला, पूर्वी फार प्रश्न विचारायचा. शेजारच्या टेबलावरचे लोक चळवळीवर बोलायचे, तो त्यांची शेवटची वाक्यं म्हणायचा, आणि त्यांना तो आपल्याच मताचा वाटायचा. दोन्ही बाजूंना. मी सगळ्यांना मूर्ख समजत आलो होतो. इतके असतील असं वाटलं नव्हतं. मी टेबल बदलून घेतलं.

त्या काळात मी शिवडीला दोनदा गेलो. दिवसा, ओहोटीला. चौकीत शिरलो नाही, बांधावर उभा राहिलो. हेरंबच्या नावाने हाक मारायची म्हणून गेलो होतो. दोन्ही वेळा तोंड उघडलं आणि मिटलं.

एप्रिलमध्ये, रविवारी भर दुपारी, कालिंदीवहिनी फणसवाडीत माझ्याकडे आल्या. एवढ्या जिन्याने त्यांना धाप लागली होती. डोळ्यांखाली काळं. मी पाणी दिलं. त्यांनी पेला एका दमात संपवला.

"त्या दिवशी यांनी तुम्हाला काहीतरी विचारलं असेल," मग त्या म्हणाल्या. "दोन दिवस आधीपासून म्हणत होते, मन्याला विचारतो, मग सुटेन. तुम्ही काय सांगितलंत?"

एक सोपं खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते बोललो नाही.

"त्याने विचारलं, बंडू दिसतो का. मी हो म्हटलं. मला काही दिसलं नव्हतं, वहिनी. थट्टा केली."

"का?"

"भूक लागली होती," मी म्हटलं. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

त्या रडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पदराने कपाळ पुसलं आणि खालच्या छत्रीवाल्याची ठोकठोक ऐकत बसल्या.

"मी कुणाला बोलले नाही," त्या म्हणाल्या. "सासूबाई आता भात मागून घेतात. दोन वर्षांत प्रथम. तो ऑफिसातून आला की रात्रीपर्यंत त्याच्याशी बोलत बसतात, यांचं नावही काढत नाहीत. त्यांच्यापासून हे कसं काढून घेऊ? पण मला झोप नाही, भावजी. मी कूस बदलली की तो बदलतो. मी उसासा टाकला की तो टाकतो. माझ्याकडे बघत बसतो, शिकत असल्यासारखा. अडीच महिने मी धड डोळा मिटलेला नाही. आज सासूबाईंपाशी शेजारीण आहे. मला काही नको. तुमच्या इथे मला दोन-चार तास झोपू द्या. आणि तेवढा वेळ त्याला बाहेर बसवून ठेवा."

"त्याला म्हणजे? आहे कुठे तो?"

"जिन्यात उभा आहे."

एकट्या पुरुषाच्या घरात परस्त्री भर दुपारी झोपली तर वाडी काय म्हणेल, हा विचार माझ्या मनात आला. त्यांच्याही आला असणार. दोघांनीही तो टाकून दिला. मी आतल्या खोलीत सतरंजी घातली, धुतलेली चादर दिली. त्या आत गेल्या, दार लोटून घेतलं. आडव्या होताच त्यांना झोप लागली असावी.

मी बाहेरचं दार उघडलं. तो दारापासून दोन पायऱ्या खाली उभा होता. ऑफिसचाच कोट, केस नीट विंचरलेले. माझ्याकडे बघत होता. दार लावून घेता आलं असतं. दादरच्या जिन्यात आणि ऑफिसात मी तेच तर केलं होतं.

"ये," मी म्हटलं.

"ये," तो म्हणाला, आणि आत आला.

मी त्याला खुर्ची दिली आणि समोर बसलो. मी बोललो नाही, म्हणून तोही बोलला नाही. खालची ठोकठोक थांबली, छत्रीवाला जेवायला गेला असावा. वाडीत शांतता पसरली. लोटलेल्या दारातून वहिनींचा श्वास ऐकू येत होता, खोल, संथ, फार दिवसांनी झोपलेल्या माणसाचा. त्याने मान त्या दाराकडे वळवली. सावकाश. मी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले.

थोड्या वेळाने तो श्वास दोन ठिकाणांहून ऐकू येऊ लागला.